२९ टक्के म्हणजे नापास नव्हे

२०२५ च्या मार्चमधे सुपरहिरोंचे पिच्चर काढणाऱ्या मार्व्हलवाल्यांनी इंटरनेटवर पाच तासांच्या वर नुसत्या खुर्च्या दाखवल्या. एक खुर्ची, तिच्या पाठीवर एका नटाचं नाव, मग कॅमेरा हळूच सरकणार, पुढची खुर्ची, पुढचं नाव. 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे'मधे कोण कोण असणार हे सांगायची ती पद्धत होती. पहिलं नाव ख्रिस हेम्सवर्थचं आलं आणि सगळ्यात शेवटी रॉबर्ट डाउनी ज्युनियर स्वतः येऊन बसला. आपल्याकडं रात्र झाली होती, मी उदगीरला घरीच होते, फोन डब्याला टेकवून जेवता जेवता बघत होते आणि धाकट्याचे पुण्याहून एकामागं एक मेसेज सुरू होते. एक्स-मेनच्या पिच्चरमधला प्रोफेसर, पॅट्रिक स्टुअर्ट, त्याचं नाव आलं तेव्हा तर त्यानं फोनच केला, "ताई, एक्स-मेन येऊलालेत गं!" आई म्हणाली, "खुर्च्या काय बघूलालीस एवढ्या?" आता तिला काय सांगणार, त्या प्रत्येक खुर्चीमागं आमची दहा-पंधरा वर्षं आहेत.

तो पिच्चर आधी १ मे २०२६ ला येणार होता, मग तारीख ढकलून १८ डिसेंबर २०२६ केली. म्हणजे अजून साडेसात महिने वाट. आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, खरं सांगते. कारण कॉमिक्सवरच्या पिच्चरची वाट बघणं हा त्या पिच्चरचाच एक भाग असतो असं माझं ठाम मत आहे. पिच्चर अडीच-तीन तासांचा आणि वाट बघणं दोन-दोन वर्षांचं. त्या दोन वर्षांत माणूस जुने अंक काढून वाचतो, ट्रेलर थांबवून थांबवून बघतो, मागं भिंतीवर काय लिहिलंय, हातातली अंगठी कुठली, यावरून तास तास बोलतो. आणि मग रिलीजच्या दोन-तीन दिवस आधी रोटन टोमॅटोज नावाच्या, समीक्षकांचे रिव्ह्यू गोळा करणाऱ्या वेबसाइटवर एक आकडा येतो. इतके टक्के. झालं, त्या दोन वर्षांचं सगळं बोलणं त्या एका आकड्यापाशी येऊन थांबतं. मला आज त्या आकड्याबद्दल लिहायचंय.

त्याआधी थोडं कॉमिक्सबद्दल, कारण ज्यांनी वाचलेत त्यांची वाट बघायची तऱ्हाच वेगळी असते. माझ्या मामाकडं इंद्रजाल कॉमिक्स होते, मराठीतले. वेताळ आणि मँड्रेक. १९६४ ला टाइम्सवाल्यांनी सुरू केले आणि १९९० ला बंद पडले, म्हणजे मी वाचायला लागले तेव्हा ते जुनेच झाले होते, पण मामानं पाच-पाच सहा-सहा अंक दाभणानं शिवून, वर खाकी कव्हर घालून ठेवले होते आणि सुट्टीत गेलं की आधी हात धुवायला लावायचा आणि मग हातात द्यायचा. एखादा अंक त्यात नसायचाच, मग गोष्ट मधेच तुटायची आणि पुढं काय झालं असेल ते आम्ही भावंडं आपापलं ठरवायचो. मला वाटतं वाट बघायची सवय मला तिथून लागली. पुढं बसस्टँडजवळ एका टपरीवर राज कॉमिक्स भाड्यानं मिळायचे, नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा, हिंदीतले, पण आमच्याकडं हिंदी कुणाला अडत नाही. आणि घरी सकाळमधे चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू, १९९१ पासूनचा. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, सगळे. २०१२ ला त्याच्यावर पिच्चर आला तेव्हा आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी कुठल्या लग्नाची पण झाली नसेल, चिंटूचा आवाज कसा असेल यावर. कारण कागदावरच्या चिंटूचा आवाज प्रत्येकानं आपापल्या मनात ठरवून टाकलेला असतो ना.

तर कॉमिक्स वाचणाऱ्याला गोष्ट बहुतेक वेळा माहीतच असते. कोण मरणार, कोण परत येणार, सगळं. तो वाट कशाची बघतो? कागदावर जी चौकट थांबलेली आहे ती हलायला लागली की कशी दिसेल, याची. फ्रँक मिलरचं १९८६ चं 'द डार्क नाइट रिटर्न्स' आहे, त्यात ब्रूस वेनच्या, म्हणजे लहानपणच्या बॅटमॅनच्या, आई-बापाला गोळ्या घालतात तेव्हा आईच्या गळ्यातली मोत्यांची माळ तुटते ते छोट्या छोट्या चौकटींत दाखवलंय, मोती सुटतात, पडतात, आणि त्यात त्या पोराचं सगळं आयुष्य जातं. मी ते पान किती वेळ बघत बसायचे. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'च्या सुरुवातीला तीच माळ पिस्तुलाच्या नळीत अडकते आणि गोळी सुटली की तुटते. ती गोष्ट, पिस्तुलात अडकायची, हलताना बघायला मला लई आवडली, कारण मारणारी वस्तू आणि आईची वस्तू एकमेकीत गुंतलेल्या दिसतात. आता सांगा, ही गोष्ट टक्क्यात कुठं मांडायची?

या पिच्चरला रोटन टोमॅटोजवर २९ टक्के आहेत.

आता आमच्या लातूरकडं टक्के म्हणजे काय हे मी सांगायला नको. लातूर पॅटर्नचा जिल्हा. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी इथं माणसाची ओळख टक्क्यानं होते, चौकाचौकात पोरांचे फोटो आणि खाली टक्के, आणि ३५ च्या खाली म्हणजे नापास, विषय संपला. त्यामुळं २९ टक्के वाचलं की आमच्या डोक्यात एकच अर्थ उमटतो, समीक्षकांनी पेपर तपासला आणि शंभरापैकी २९ मार्क दिले. माझ्या कॉलेजातल्या पोरी, पोरं, क्लासचे सर सुद्धा असंच समजत होते आणि अजून कित्येक जण असंच समजतेत.

तो आकडा मार्क नाहीये. ती मतमोजणी आहे. जेवढ्या समीक्षकांनी लिहिलं त्यातल्या किती जणांनी एकंदरीत 'बघा' म्हटलं आणि किती जणांनी 'नको' म्हटलं, एवढंच. समजा दहा समीक्षक आहेत आणि दहाच्या दहा जणांनी म्हटलं बरा आहे, ठीक आहे, दहापैकी सहा देतो, तर त्या पिच्चरला १०० टक्के. आणि दुसरा पिच्चर असा की पाच जण म्हणाले असा पिच्चर जन्मात बघितला नाही, दहापैकी दहा, आणि पाच जणांना अजिबात आवडला नाही, तर त्याला ५० टक्के, आणि ६० च्या खाली गेला की तो 'सडका'. आता मला विचारलं तर मी दुसरा पिच्चर बघायला पळत जाईन आणि पहिला घरी बसून बघेन कधीतरी. पण आकडा मला उलटं सांगतोय. सरासरी मार्क पण ती वेबसाइट वेगळे देते, पण ते बघतं कोण, व्हॉट्सॲपवर फिरतो तो टक्काच.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही वेबसाइट १९९८ ला सेन डुओंग नावाच्या एका पोरानं काढली. तो जॅकी चॅनचा चाहता होता, जॅकी चॅनचे पिच्चर अमेरिकेत लागायला लागले की कुणी कुणी काय लिहिलंय ते गोळा करायचा, आणि 'रश अवर'ची वाट बघता बघता त्याला वाटलं की सगळे रिव्ह्यू एका जागी पाहिजेत. म्हणजे बघा, वाट बघणाऱ्या माणसानंच ते सुरू केलं. त्याला आणखी वाचायचं होतं म्हणून. आज लोक तिथं जातेत ते वाचायचं टाळायला, आकडा बघतेत आणि परत येतेत. रिव्ह्यू खाली तसेच पडून राहतेत, कुणीतरी रात्रभर जागून लिहिलेले.

२०१६ चा तो मार्च मला नीट आठवतो. मी तेव्हा लातूरला रूम करून राहत होते. ज्यांना तो उन्हाळा माहीत आहे त्यांना सांगायला नको, नळाला पाणी कधी येईल काही ठिकाण नव्हतं, पाणी भरायच्या जागी भांडणं होतात म्हणून १४४ कलम लावलं होतं, आणि पुढं एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. अशात 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' २५ मार्चला लागणार. अमेरिकेतले रिव्ह्यू दोन-तीन दिवस आधीच आले आणि आकडा बघता बघता घसरायला लागला, चाळिशीतून तिशीत, मग तिशीच्या खाली. बॅटमॅन झालेला बेन ॲफ्लेक मुलाखतीत गप्प होऊन खाली बघतोय तो व्हिडिओ सगळीकडं फिरला, लोक हसले. मैत्रिणी म्हणाल्या, "कशाला जाऊलालीस, नापास झालाय तो." रूमच्या मावशी म्हणाल्या, "एवढ्या उन्हात, पाण्याची ही बोंब, आणि पैसे घालवून पिच्चर बघायचा?" त्यांचं बरोबरच होतं त्यांच्या जागी, तिकिटाच्या पैशात त्या वेळी पाण्याचे जार आले असते. आणि म्हणूनच सांगते, आमच्यासारख्या गावांत हा आकडा नुसतं मत राहत नाही. मुंबई-पुण्याच्या माणसाला २९ टक्के कळले तर तो दुसऱ्या आठवड्यात, मॅटिनीला, कधी पण जाऊन स्वतः खात्री करू शकतो. आमच्याकडं गर्दी झाली नाही की सोमवारपासून शो कमी आणि पुढच्या शुक्रवारी पिच्चर गायब. आकड्यामुळं लोक येत नाहीत, लोक येत नाहीत म्हणून पिच्चर उतरतो, आणि ज्याला बघून ठरवायचं होतं त्याला बघायलाच मिळत नाही. अमेरिकेत सुद्धा पहिल्या तीन दिवसांत १६६ मिलियन डॉलर आणि दुसऱ्या शनिवार-रविवारी त्यातले जवळजवळ ६९ टक्के कमी, तर लातूरचं काय घेऊन बसलात.

धाकटा उदगीरहून सकाळच्या एसटीनं आला आणि आम्ही दोघं गेलो. हिंदीत होता, आमच्याकडं बहुतेक हिंदीतच लागतो. त्यात तो सीन आहे ज्याची जगभर टर उडवली, अजून उडवतेत, बॅटमॅन सुपरमॅनला मारणार एवढ्यात सुपरमॅनच्या तोंडून स्वतःच्या आईचं, 'मार्था' हे नाव येतं, आणि बॅटमॅनचा हात थांबतो कारण बॅटमॅनच्या आईचं नाव पण मार्था होतं. किती समीक्षकांनी लिहिलं की असं कुठं असतं का, आईचं नाव सारखं निघालं म्हणून लढाई थांबते होय. मी त्या हॉलमधे बसले होते. कुणी हसलं नाही. आमच्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ दोन पोरांना घेऊन बसले होते, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, मानेवर रुमाल, ते एकदम पुढं सरकून बसले आणि पोराला म्हणाले, "आईचं नाव घेतलं बघ त्यानं." एवढंच. मराठवाड्यात भांडण कितीही वाढू द्या, मधे कुणी कुणाच्या आईला आणलं, चांगल्या अर्थानं, की हात खाली येतो, हे मी आमच्या गल्लीत डोळ्यानं बघितलंय. आणि पिच्चर पण ते उगंच करत नाही. सुरुवातीलाच माळ तुटते, बॅटमॅनचा बाप मरता मरता तेच नाव घेतो, म्हणजे दोन तास आधी ठेवलेली गोष्ट इथं उचलली आहे. पटो न पटो, पण त्याला कारण आहे. जो समीक्षक हे सगळं सांगून मग म्हणेल की मला तरी पटलं नाही, त्याचं मी आनंदानं ऐकेन.

पिच्चर मला सगळा आवडला असं नाही. खलनायक लेक्स ल्युथर मला जमलेला वाटला नाही, शेवटची मारामारी नुसता धूर आणि उजेड आहे, आणि पुढच्या पिच्चरच्या जाहिराती मधेच घुसवल्यात त्या तर खटकतातच. पण हे मी तुम्हाला चार वाक्यांत सांगू शकले की नाही? मग आकडा कशाला.

आता एक गोष्ट सांगते जी बहुतेक रिव्ह्यूंमधून निसटली आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. बॅटमॅन कुणी काढला विचारलं तर ७५ वर्षं एकच नाव सांगितलं गेलं, बॉब केन. पण बॅटमॅनचा पोशाख, त्याची गोष्ट, त्याच्या शहराचं गॉथम हे नाव, यात बिल फिंगर नावाच्या लेखकाचा फार मोठा वाटा होता, आणि तो १९७४ ला वारला तोपर्यंत त्याला बॅटमॅनचा निर्माता म्हणून श्रेय मिळालं नाही. पुढं मार्क टायलर नोबलमन नावाच्या लेखकानं त्याचा शोध घेतला, फिंगरची नात अथेना उभी राहिली, आणि २०१५ ला बॅटमॅनचे अंक काढणाऱ्या डीसी कंपनीनं मान्य केलं. ज्या बॅटमॅनच्या पिच्चरमधे पहिल्यांदा श्रेयनामावलीत 'बॉब केन, सोबत बिल फिंगर' असं आलं तो पिच्चर म्हणजे हाच, २९ टक्केवाला. सुपरमॅनचं पण तसंच, जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी १९३८ ला सगळे हक्क १३० डॉलरला विकून टाकले आणि मग म्हातारपणी पेन्शन आणि नावासाठी झगडावं लागलं, ते कुठं १९७५ ला मिळालं. एवढ्या कोटींचे पिच्चर या माणसांच्या हातातून निघालेल्या चित्रांवर उभे आहेत. मला वाटतं कॉमिक्सवरच्या पिच्चरची समीक्षा करणाऱ्यानं निदान एक ओळ तरी ज्यानं कागदावर काढलं त्याच्यासाठी ठेवावी. कादंबरीवर पिच्चर निघाला तर लेखकाचं नाव पहिल्या ओळीत येतं ना? मग चित्रकारानं काय घोडं मारलंय.

आणि दुसरी तक्रार आपल्या इथल्या समीक्षकांकडं आहे, हात जोडून सांगते. आम्ही जो पिच्चर बघतो त्याचा रिव्ह्यू कुणी लिहीतच नाही. आम्ही हिंदी डब बघतो. इंग्रजी बघून लिहिलेल्या रिव्ह्यूत संवाद खुसखुशीत आहेत असं असतं आणि हिंदीत ते संवादच दुसरे असतेत. 'डेडपूल २'ला २०१८ मधे हिंदीत रणवीर सिंगनं आवाज दिला, तो निम्मा वेगळाच पिच्चर झाला, काही ठिकाणी मूळापेक्षा मजेदार आणि काही ठिकाणी नुसता गोंगाट. यावर लिहायला किती होतं! आवाज कुणाचा, विनोद कसा फिरवला, शिव्यांचं काय केलं. डबिंगचे कलाकार, संवाद लिहिणारे, ही सगळी आपली माणसं आहेत आणि त्यांचं काम मोजायला कुणी बसलेलं नाही.

२०२३ च्या जूनमधे तर 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. मराठी! हॉलिवूडच्या स्पायडर-मॅनच्या पोस्टरवर मराठी. आणि त्यात पवित्र प्रभाकर, आपला भारतीय स्पायडर-मॅन, जो २००४ च्या कॉमिक्समधे पहिल्यांदा आला, जीवन कांग यांनी काढलेला, धोतर नेसलेला. पिच्चरमधे त्याचं शहर मुंबाटन, मुंबई आणि मॅनहॅटन एकात एक, दोरीवरचे कपडे, बस, गर्दी, सगळं शाईनं काढल्यासारखं. समीक्षकांनी जगभर उचलून धरला, ९५ टक्के. मी मराठीतला शो शोधत बसले, लातूर बघितलं, नांदेड बघितलं, आमच्या बाजूला कुठं सापडला नाही. शेवटी हिंदीत बघितला. गर्दी ठीकठाक होती, पवित्र आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्या मराठी आवृत्तीबद्दल, ती कशी झाली, पवित्र मराठीत कसा बोलतो, याबद्दल मला एक धड परीक्षण वाचायला मिळालं असतं तर मी ९५ काय, १०० टक्क्यांचा आकडा पण बाजूला ठेवला असता. आपल्या भाषेत एवढी मोठी गोष्ट येऊन गेली आणि आपण तिच्यावर बोललोच नाही, हे मला अजून लागतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की ही समीक्षकांवर चिडलेली फॅन आहे. तसं अजिबात नाही. २०१६ लाच 'सुसाइड स्क्वॉड'चा आकडा २६-२७ च्या आसपास आला तेव्हा रोटन टोमॅटोज बंद करा म्हणून लोकांनी ऑनलाइन अर्ज काढला होता, हजारो सह्या झाल्या. मला ते पटलं नाही तेव्हा आणि आता पण नाही. ती वेबसाइट रिव्ह्यू लिहीत नाही, जमा करते. आणि ज्या समीक्षकांना, विशेष करून बायकांना, घाण घाण मेसेज पाठवले जातात, त्या पाठवणाऱ्यांना मी कॉमिक्सचे वाचक मानायलाच तयार नाही. आपण जे वाचून मोठे झालो त्यात दुबळ्यावर हात उचलायचा नाही एवढं तरी शिकवलं होतं.

फॅन लोकांचे अंदाज तरी कुठं खरे ठरतेत. १९८९ च्या 'बॅटमॅन'साठी मायकेल कीटनला घेतलं तेव्हा कंपनीकडं ५० हजारांच्या आसपास निषेधाची पत्रं गेली असं सांगतेत, आणि पिच्चर आल्यावर तोच कीटन लोकांनी डोक्यावर घेतला. हीथ लेजर बॅटमॅनचा खलनायक जोकर होणार म्हटल्यावर इंटरनेटवर काय काय लिहिलं होतं, आणि तो माणूस गेल्यानंतर त्याला त्याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. वाट बघण्यात भीती पण असते, आपलं कुणीतरी बिघडवून टाकेल ही, आणि ती भीती मला पण असते, प्रत्येक वेळी.

समीक्षकांची एक खोड मात्र आहे. कॉमिक्सवरचा पिच्चर म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर फक्त पाठीवर कापड बांधून उडणारी माणसं येतात. 'पर्सेपोलिस' हा मार्जान सत्रापींच्या स्वतःच्या चित्रकथेवरचा, २००७ ला कान महोत्सवात ज्युरीचं पारितोषिक मिळालेला. 'ओल्डबॉय' मांगावरचा, म्हणजे जपानी कॉमिक्सवरचा, त्याला २००४ ला तिथंच ग्रां प्री, दुसऱ्या नंबरचं बक्षीस. टॉम हँक्सचा 'रोड टू पर्डिशन' ग्राफिक नॉव्हेलवरचा. यांची स्तुती करताना 'कॉमिक बुक मूव्ही' हा शब्द सहसा कुणी वापरत नाही, आणि तोच शब्द दुसरीकडं कमी लेखायला वापरतेत. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेझींनी २०१९ ला म्हटलं की मार्व्हलचे पिच्चर म्हणजे सिनेमा नाही, थीम पार्कसारखे आहेत. त्यांचं वय, त्यांचं काम बघता त्यांना म्हणायचा अधिकार आहे, आणि त्यातलं थोडं मला पटतं पण, सगळे पिच्चर एकाच साच्यातले यायला लागले तेव्हा मी पण कंटाळलेच होते. पण त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात 'जोकर'ला गोल्डन लायन मिळालं, सगळ्यात मोठं बक्षीस, आणि तिकडं आकडा सत्तरच्या पण खाली. म्हणजे व्हेनिसच्या ज्युरीचं खरं की त्या आकड्याचं? दोन्ही खरं असू शकतं, बऱ्याच लोकांना तो पिच्चर भिडला आणि बाकीच्यांना त्याची भीती वाटली. असला पिच्चर मला बघायचाच असतो.

आणि पैशाचं म्हणाल तर आकड्याचा आणि गल्ल्याचा दर वेळी मेळ बसतोच असं नाही. 'व्हेनम' ३० टक्के आणि ८५० मिलियन डॉलरच्या वर कमाई. 'थंडरबोल्ट्स' ८८ टक्के, समीक्षकांनी मनापासून कौतुक केलं, उदास माणसांची गोष्ट आहे, फार जपून सांगितलीय, आणि कमाई ३८२ मिलियनच्या आसपास, मार्व्हलच्या मानानं कमीच. आमच्याकडं तो एक आठवडा पण नीट टिकला नाही. मी ज्यांना ज्यांना सांगितलं बघा म्हणून, ते म्हणाले यात ओळखीचं कुणी नाही. ज्यांनी ऐकलं त्यांच्यातल्या एकीनं मला नंतर फोन करून अर्धा तास फक्त त्यातल्या बॉब नावाच्या पात्राच्या खोल्यांबद्दल बोलून घेतलं, माणूस मनातल्या वाईट आठवणींच्या खोलीत अडकतो आणि बाकीचे येऊन त्याला मिठी मारतात, त्याबद्दल. एका चांगल्या परीक्षणानं हे काम करायला पाहिजे होतं, शुक्रवारी सकाळी, मराठीत.

तर डिसेंबरचं ठरलंय. 'डूम्सडे' लागला की धाकटा पुण्याहून येणार, आम्ही लातूरला जाणार, हिंदीत असेल तर हिंदीत आणि देव करो मराठीत आला तर मराठीत. त्याला आत्ताच सांगून ठेवलंय, रिव्ह्यूच्या लिंका सगळ्या जमा करून ठेव, चांगल्या वाईट दोन्ही, आकडा तेवढा मला पाठवू नको. परतीची एसटी उदगीरला पोचेपर्यंत दीड-दोन तास लागतातच, तेवढ्यात दोघं मिळून सगळे वाचून काढू आणि भांडू.